हात लागला की चाल

१

लिफ्ट बिघडली की लोक आधी बटणावर राग काढतात, मग वॉचमनवर, आणि सगळ्यांचं सगळं करून झालं की मग मिस्त्रीला बोलावतात. मिस्त्री यायचा तो मेहुण्याला घेऊनच. दोघांची जोडी ठरलेली, आणि डबा खायची जागाही ठरलेली. ज्या इमारतीत काम असेल तिथली गच्चीवरची मशीनरूम.

मशीनरूम म्हणजे तरी काय हो? चार भिंती, एक मोटर, भिंतीला टेकून उभं असलेलं लोखंडी पॅनेल, आणि जमिनीला पाडलेली भोकं. त्या भोकांतून लिफ्टचे दोर खाली अंधारात उतरतात. खाली कुणी बटण दाबलं की पॅनेलमध्ये टक् व्हायचं, मोटर गुरगुरायची, दोर सरसरायचे. बाहेरच्या माणसाला तिथे धड उभंही राहवलं नसतं. या दोघांना मात्र त्या आवाजात जशी झोप लागायची तशी घरी गादीवर लागत नसे.

डबा झाला की बुद्धिबळ. पट घडीचा, मोहरे जुने. मेहुण्याचा एक पांढरा हत्ती केव्हाच फुटला होता, त्याच्या जागी चिनीमातीचा फ्यूज उभा असायचा. मिस्त्रीचा एक काळा घोडा भोकातून खाली गेला तो गेलाच, आणि त्याच्या जागी आला मेहुण्याचा जुना बिल्ला.

या बिल्ल्याचं सांगायला हवं. लिफ्टच्या छतावर काम करायला जो माणूस खाली उतरतो, तो आधी वरचा मेन स्विच बंद करतो आणि त्याच्या दांड्यावर स्वतःचा पितळी बिल्ला अडकवतो. बिल्ला लटकतोय तोवर मेनला कुणी बोट लावायचं नाही. काढायचा तो ज्याचा त्यानेच, साहेब आला तरी त्याने नाही. मेहुण्याचा पहिला बिल्ला कधीतरी दारात चेपून कोपऱ्यात वाकला, म्हणून त्याला नवा मिळाला, आणि वाकडा पटावर घोडा होऊन राहिला.

पटावरचा नियम मिस्त्रीचा. मेहुण्याला चाल मागे घ्यायची भारी खोड होती. मोहरा ठेवायचा, जीभ चावायचा, पुन्हा उचलायचा. मिस्त्रीने एक दिवस बजावलंच. "हात लागला की चाल. आपल्या धंद्यात चाल मागे घेता येते का कधी?" मेहुणा हसला, पण नियम पाळू लागला. त्याला काय, तो तसाही रोज जिंकायचाच. दोन उंट असे काही तिरके सोडायचा की मिस्त्री त्याला उंटावरचा शहाणा म्हणायचा आणि निमूट डाव आवरायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा एकुलता एक भाऊ. आईबापामागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. नवऱ्याच्या हाताखाली त्याला कामाला लावताना ती एवढंच म्हणाली होती, "संध्याकाळी तो धडधाकट घरी आला पाहिजे, बाकी मला तुमच्याकडून काही नको."

२

पहिली चूक झाली ती अगदी साधी. मिस्त्रीला हत्ती पुढे घ्यायचा होता. हात निघाला हत्तीकडे, आणि बोटं टेकली शेजारच्या प्याद्यावर. मेहुण्याने टाळी वाजवली. नियम तो नियम, मिस्त्रीने तोंड वाकडं करून प्यादं सरकवलं. त्यापायी बिल्ल्याचा घोडा उघडा पडला, मेहुण्याच्या फ्यूजने तो लगेच मटकावला. आता काय उरलंय, असं म्हणत मिस्त्री पट आवरायलाच निघाला होता.

पण डाव संपेना. फ्यूज जिथून हलला होता तिथे दार सताड उघडं राहिलं होतं. मिस्त्रीचा वजीर आत शिरला, शह बसला, पुन्हा शह, आणि मात. मेहुणा पटाकडे बघतच राहिला. मग त्याने सगळे मोहरे मागे मागे नेऊन बघितले आणि कबूल केलं, की त्या वेळी जिंकायची तेवढी एकच चाल होती आणि ती त्याच्याही डोक्यात आली नव्हती.

मिस्त्रीला हसू आलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, की तुझ्या भावाला आज पाणी पाजलं. तिनेही कौतुक केलं, भावाचा थोडा कैवार घेतला, आणि विषय संपला.

३

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उंट उचलायला गेला आणि बोटं राजावर. मग वजिराऐवजी कोपऱ्यातलं प्यादं. दरवेळी चाल खुळ्यासारखी दिसायची, दरवेळी बिल्ला जायचा, आणि दरवेळी शेवटी मात मेहुण्यावर.

मिस्त्रीने आधी डोळ्यांवर संशय घेतला, चष्म्याचा नंबर तपासून आणला. नंबर तोच होता. मग वाटलं, हात थरथरत असेल. पण हाच हात बारीक तारा जुळवायचा, स्क्रू बसवायचा, तिथे केसाएवढीही चूक नव्हती. थरथरायचं तर पटावरच का थरथरावं? मग त्याने मनाची समजूत घातली, की इतकी वर्षं खेळून आपल्याला नकळत खेळ आला असेल. डोक्याला कळत नाही ते हाताला कळत असेल. असं होतंही माणसाचं.

ही समजूत टिकली असती. पण एका दुपारी त्यांनी मेन बंद करून ठेवला होता, मोटरला तेल घालायचं होतं म्हणून. पॅनेल मेलेलं, दोर स्तब्ध. मिस्त्रीने घोडा हलवायला हात पुढे केला, आणि पॅनेलमध्ये टक् झालं. त्याची बोटं हत्तीवर टेकली.

"आवाज आला का रे?" त्याने विचारलं.

मेहुण्याने मान हलवली, लोखंड तापतं आणि मग वाजतं, म्हणाला. तेही खरंच होतं. मिस्त्रीने मेनकडे पाहिलं, दांडा खाली होता. तो डावही त्याने जिंकला. मात देताना त्याला नेहमीसारखा आनंद झाला नाही. आपण कुणाचा तरी डाव बसून बघतोय, असं काहीतरी त्याला वाटून गेलं.

४

मग कामातही हात चुकू लागला.

एका इमारतीत त्याला दोराच्या टोकाचा वरचा नट आवळायचा होता, पाना बसला खालच्या नटावर. वैतागून पाना काढताना दिसलं, की तिथला बोल्ट आतून चिरत आला होता. आणखी थोडे दिवस, आणि लिफ्ट माणसांसकट खाली गेली असती. साहेबांनी पाठ थोपटली. त्या गडबडीत पाना निसटून मेहुण्याच्या बोटावर पडला आणि त्याचं नख गेलं, पण नखाचं काय घेऊन बसलात!

मग दुसऱ्या इमारतीत. दोर चालताना बघायचे होते, म्हणून मेन चालूच होता. मेहुणा लिफ्टच्या छतावर होता, मिस्त्री खालच्या मजल्यावर उघड्या दाराशी बटणांपाशी. लिफ्ट सावकाश वर सरकत होती; मिस्त्री वर जायचं बटण पुन्हा दाबायला गेला आणि बोट पडलं थांबवायच्या लाल बटणावर. लिफ्ट गचका खाऊन जागच्या जागी थांबली. शेजारच्या घरातल्या पोरीने तेवढ्यात दाराच्या फटीत हात घातला होता, तो कुणालाच दिसला नव्हता. लिफ्ट आणखी वीतभर सरकली असती तर त्या हाताचं काय झालं असतं, ते सांगायला नको. पोरीची आई रडत मिस्त्रीच्या पाया पडायला आली. सगळा मजला गोळा झाला. मेहुणा वरून उतरला तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं, गचक्याने तो कडेवर आपटला होता. तोही हसतच होता. भाऊजींचा हात म्हणजे परीस आहे, असं जमलेल्या लोकांना सांगत होता.

मिस्त्रीलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला? आयुष्यभर ज्याला कुणी नावाने विचारलं नाही, त्याला लोक जिन्यात थांबवून नमस्कार करू लागले.

५

घरी त्याची बायको भावाच्या कपाळाला मलम लावत होती. पोरीची गोष्ट तिने पुरती ऐकून घेतली, देवाची कृपा म्हणाली, आणि मग डबीचं झाकण लावता लावता सहज विचारलं.

"अहो, पण दरवेळी यालाच कसं लागतं?"

मिस्त्री काहीतरी बोलला. काम जोखमीचं आहे, छतावर उतरणाऱ्याला खरचटायचंच, असं काहीबाही. पण घास तोंडात फिरू लागला. बिल्ला जातो आणि डाव जिंकतो. मेहुण्याला लागतं आणि लोक वाचतात. तो बिल्ला कुणाचा आहे, हे त्याला काही नव्याने कळलं नव्हतं. तरी त्याने अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

चांगला खेळणारा मोहरा का देतो, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. पुढे काही मोठं पदरात पाडायचं असतं म्हणून. आणि आजवर गेलं ते नख होतं, कपाळ होतं.

कुणाला सांगावं, तर सांगणार काय? की माझा हात चुकतो आणि त्याने सगळ्यांचं भलं होतं? लोक वेड्यात काढतील. मेहुण्याला सांगितलं तर तो महिनाभर पुरवून पुरवून हसेल. मिस्त्रीने कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखतंय म्हणाला, डोळे चुरचुरतात म्हणाला, आणि डबा झाला की भिंतीकडे तोंड करून पडू लागला. पॅनेल अधूनमधून टक् करायचं. ते चालू असताना करत होतं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि तपासायला उठायचा नाही.

६

त्या दिवशी काम होतं लिफ्टच्या छतावरचं थांबवायचं बटण बदलायचं. हे बटण हाताशी असलं की छतावरचा माणूस लिफ्टला हलू देत नाही. जुनं गंजलं होतं, ते मेहुण्याने सकाळीच उपटून काढलं. नवं दुकानातून यायचं होतं. वाट बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

मेहुण्याने पट मांडला आणि लहान पोरासारखा हट्ट धरला. एकच डाव, भाऊजी, किती दिवस झाले. त्याच्या कपाळावरची खपली नुकतीच पडली होती. मिस्त्रीला नाही म्हणवेना. मनात ठरवलं, सावकाश खेळू, बघून खेळू. उजवं मनगट डाव्या हाताने धरून तो एकेक चाल खेळला. एकदाही चुकला नाही. डाव बरोबरीत चालला होता, आणि त्याच्या जिवात जीव येत होता.

तेवढ्यात बटण आलं. मेहुणा उठला, मेन खाली ओढला, दांड्यावर आपला नवा बिल्ला अडकवला आणि पिशवी उचलली.

"चाल तुमची आहे. विचार करून ठेवा," म्हणाला आणि जिना उतरला. थोड्या वेळाने भोकातून त्याची शीळ ऐकू येऊ लागली.

मिस्त्री दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. पटाकडे बघायचं नाही असं ठरवून तो दाराबाहेरच्या गच्चीकडे बघत राहिला. गच्चीवर ऊन होतं, कुणाची तरी चादर वाळत होती. सगळं रोजच्यासारखं.

टक्.

दांडा खालीच होता. बिल्ला हलतही नव्हता. मिस्त्रीची नजर मात्र पटावर गेली. आजवर हात आधी चुकायचा आणि डोळ्यांना मागाहून कळायचं. आज डोळ्यांना आधी दिसलं. बिल्ल्याला फ्यूजच्या तोंडी द्यायचं, फ्यूज हलला की वजीर आत, आणि मात. इतकं सरळ होतं की त्याला घाम फुटला.

नाही द्यायचा, तो स्वतःशी म्हणाला. हरायचं. घोडा मागे घ्यायचा, कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, मग डावाचं काही का होईना. त्याने उजवा हात बाहेर काढला, बिल्ल्यावर नजर रोखली आणि तो घट्ट धरून कोपऱ्यातल्या घरात आणला. हात जिथे पाठवला तिथेच गेला होता. त्याला हायसं वाटलं.

पण बोटांना वाकडा कोपरा लागत नव्हता. कडा सरळ होती. पितळ गरम होतं, उन्हातून आणल्यासारखं. त्याने खाली पाहिलं. जुना वाकडा बिल्ला आपल्या जागेवर, मधल्या घरात, तसाच उभा होता. आणि त्याच्या मुठीत होता तो नवा. मेनचा दांडा मोकळा होता.

तो जागचा उठला नव्हता. मेन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

खालची शीळ थांबली. "भाऊजी, टक् झालं का हो वर? मेन बंदच आहे ना?"

हात लागला होता, आता चाल व्हायला हवी होती. मिस्त्री उभा राहिला, की त्याला कुणी उभं केलं, त्याला सांगता आलं नसतं. उजवा हात दांड्याच्या दिशेने उचलला जाऊ लागला, सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा उचलला जावा तसा. मिस्त्रीने वाकून डावं कोपर मारलं ते पटावरच्या स्वतःच्या राजावर. राजा आडवा पाडणं म्हणजे हार कबूल करणं, एवढं बुद्धिबळ शाळेतल्या पोरालाही येतं. राजा आडवा झाला, घरंगळला, पटाखालच्या खोक्यावरून जमिनीवर पडला आणि दोराच्या भोकातून खाली गेला.

पॅनेल गप्प झालं. हात लाकडासारखा जड होऊन खाली आला आणि त्याचा त्याला परत मिळाला. त्याने धावत जाऊन बिल्ला दांड्यावर अडकवला.

"बंद आहे," तो भोकाशी वाकून म्हणाला. "तू वर ये. आत्ताच्या आत्ता वर ये."

७

मेहुणा वर आला तो कपडे झटकतच. मिस्त्रीने त्याचा खांदा धरला आणि सोडवेना. रडू यायचं तेवढं बाकी होतं. मेहुण्याचं लक्ष पटाकडे. राजा नाही हे पाहून त्याने कपाळाला हात लावला. जिंकत होतात की, घोडा दिला असता तर पुढच्याच चालीत मात होती, तोंडचा घास टाकलात. मिस्त्री हसला, किती तरी दिवसांनी. हरलो, हरलो, म्हणाला.

पण बटण अर्धवट राहिलं होतं. जुनं काढलेलं, नव्याच्या तारा लोंबकळत होत्या. अशी लिफ्ट लोकांच्या ताब्यात देता येत नाही. मेहुणा पुन्हा पिशवी उचलू लागला.

"तू नाही," मिस्त्री म्हणाला. "मी जातो."

मेहुण्याने आपला बिल्ला काढून घेतला, मिस्त्रीने स्वतःचा अडकवला आणि ओढून बघितला. मेहुण्याला पट आवरायला सांगितलं, हात खिशात ठेव म्हणालाही. मेहुण्याला ती थट्टा वाटली. राजा तेवढा शोधून आणा, त्याने मागून सांगितलं.

वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडून मिस्त्री लिफ्टच्या छतावर उतरला. डोक्यावर हातभर अंतरावर मशीनरूमची जमीन, दोरांच्या भोकांतून येणारा उजेड, खाली तेलाचा वास आणि अंधार. मन हलकं झालं होतं. डाव संपला होता. बायकोचा भाऊ वर, धडधाकट, जमिनीवर होता. त्याने बॅटरी लावली आणि आधी राजा शोधला.

तो छताच्या मधोमध होता. वरच्या भोकातून पडलेला, आणि उभा. भोवती बोटभर धूळ होती, आणि धुळीवर घरंगळल्याची एक रेघ नव्हती.

वर गच्चीच्या दाराकडून मेहुण्याचा आवाज येत होता. तो फोनवर बहिणीशी बोलत होता. हो ताई, मी वर आहे, आज भाऊजीच उतरलेत, तू काळजी करू नकोस. मिस्त्री ऐकत होता, आणि एका भोकातला उजेड झाकला गेला. त्याने वर पाहिलं. भोकावर एक हात होता. बोटं अर्धी वाकलेली, पट समोर ठेवून कुठला मोहरा उचलावा याचा विचार करणाऱ्या माणसाचा असतो तसा अधांतरी. मेहुणा दाराशी अजून बोलतच होता.

"अरे!" मिस्त्री ओरडला.

हात गेला. मेहुण्याची पावलं धावत भोकाशी आली. "काय झालं, भाऊजी?"

"वर आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. मीच आहे."

"पट आवरलास का?"

"आवरतोय की. तुमच्या राजाच्या जागी काय ठेवावं ते बघत होतो."

"काही ठेवू नकोस. बाहेर गच्चीवर जाऊन उभा राहा." मिस्त्री राजा तिथेच टाकून दाराच्या उंबऱ्याकडे सरकू लागला. अंधारात तारा पायात आल्या. बटणाच्या जागी हात गेला, तिथे नुसतं भोक होतं.

"अरेच्चा," वरून मेहुणा म्हणाला.

"काय झालं?"

मेहुणा हसला. "काही नाही हो. चुकून हात लागला."

मिस्त्रीने बॅटरी भोकाकडे रोखली. "कशाला?"

वरून पितळावर पितळ घासल्यासारखा बारीक आवाज तेवढा आला.

"ठेव जागेवर," मिस्त्री म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो हे म्हणत होता. "ऐक माझं. मागे घे. चाल मागे घे."

"आता का?" मेहुण्याचा आवाज खुशीत होता, चांगली चाल सापडलेल्या माणसाचा. "नियम तुमचाच आहे, भाऊजी. हात लागला की चाल."

पॅनेलमध्ये टक् झालं, आणि मिस्त्रीच्या खांद्याजवळचा दोर थरथरला.